वेंडेलिनने घोटलेला उतार

रविवार, १७ मार्च १९९६. सकाळी धुकं, नंतर ऊन. छपराचं बर्फ वितळून गळतंय. उपवासकाळाचा चौथा रविवार, फादर किलियन गुलाबी झग्यात. युजीनिया शाट्झ चर्चच्या नव्या उतारावर चाकाच्या खुर्चीतून पडली. दोन्ही तळवे सोलले. वेंडेलिनने तिला उचललं नाही, तो जमिनीकडे बघत उभा राहिला. दुपारी कणकेच्या गोळ्यांचं सूप केलं. जेवण गेलं नाही.

रोजनिशीत वेंडेलिनबद्दलचं ते वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं, कारण डोळ्यांनी बघूनही मला ते खरं वाटत नव्हतं. बायको म्हणजे वेंडेलिनचा जीव. तिचे पाय गेल्यापासून तिच्या केसांची वेणीसुद्धा तो घालायचा, जाड बोटांनी, वाकडीतिकडी. आणि तीच बायको समोर ओल्या काँक्रीटवर हात टेकून पडली होती, तिची जपमाळ तुटून मणी उतारावरून खाली घरंगळत होते, आणि हा माणूस पुतळ्यासारखा उभा. शेवटी तिचा धाकटा भाऊ पायस वरून धावत आला आणि त्याने आणि मी तिला धरून खुर्चीत बसवलं.

"वेंडेल!" पायस ओरडला. "अरे आंधळा झालास का?"

वेंडेलिन गुडघ्यावर बसला. त्याने बोटाच्या नखाने जमीन उचकटली. तव्यावरच्या करपलेल्या पोळीचा पापुद्रा सुटावा तसा हातभर लांब पोपडा सुटून त्याच्या हातात आला.

आमच्या गावात वेंडेलिन शाट्झ कोण होता ते सांगायला हवं. काँक्रीट घोटणारा. नॉर्थ डकोटाच्या या आमच्या पट्ट्यात तळघराची जमीन असो, गोठा असो, धान्याच्या कोठाराचा ओटा असो, मिक्सरचा ट्रक कुणाचाही आला तरी वरचा हात वेंडेलिनचा. ओतलेलं काँक्रीट लांब फळीने सारखं करायचं, मग गुडघ्यांखाली फळकुटं घेऊन, पोलादी थापीने घोटत घोटत मागे सरकायचं. त्याने घोटलेल्या जमिनीत दिव्याचं प्रतिबिंब दिसायचं. माझा नवरा लिओ हयात असताना आम्ही तळघर करून घेतलं. लिओ पहिल्यांदा खाली उतरला तो बूट हातात घेऊन. "पाण्यात पाय पडेल असं वाटलं," म्हणाला.

वेंडेलिन फार बोलायचा नाही. कुणी विचारलं, घोटायला कधी घ्यायचं हे तुला कसं कळतं, तर तो उजवा अंगठा वर करायचा. ओल्या काँक्रीटवर अंगठा दाबून बघायचा. ठसा हवा तसा उमटला की थापी हातात. लढाईवरून परत आल्यावर त्याने हेच काम धरलं, त्याच उन्हाळ्यात युजीनिया वाइगलशी लग्न केलं, आणि दोन्हीत त्याने कधी बदल केला नाही.

बदलला तो माल. कोळशाच्या खाणींपलीकडे वीजकेंद्र आलं. त्याच्या धुराड्यात अडकणारी राख इतकी बारीक की बोटांत धरली तर तोंडाला लावायच्या पावडरीसारखी. आधी ती रिकाम्या खाणींत नेऊन टाकत. मग काँक्रीटवाल्यांनी सिमेंटचा काही भाग कमी करून त्या जागी ती राख घालायला सुरुवात केली. गावातली म्हातारी माणसं नाकं मुरडत. माझी सासू म्हणाली होती, "राखेचा आम्ही साबण केला. घर कुणी केलेलं ऐकलं नाही." पण वेंडेलिनला राखेचं काँक्रीट पहिल्या दिवशी आवडलं. "लोण्यासारखं सरकतं," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे आमच्याकडे जाहिरातच. मग ज्याला त्याला तो राखेचंच सांगू लागला. माझ्या मागच्या दाराची पायरीसुद्धा त्याने राखेच्याच मालाची केली.

आता युजीनियाचं. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने तिचे पाय गेले, पण कणीक तिंबून तिंबून झालेले हात शाबूत होते. घरात ती खुर्ची स्वतःच्या हातांनी फिरवायची. अडचण होती चर्चच्या पायऱ्यांची. दर रविवारी चार पुरुष तिला खुर्चीसकट उचलून वर नेत. एक बाजू नेहमी खाली, आणि त्या बाजूला नेहमी पायस.

"ताई, सूप कमी पी गं," तो धापा टाकत म्हणायचा.

"तू कमी पी, सूप नव्हे," ती म्हणायची.

सगळे हसायचे. ती पण. एका रविवारी मात्र तिचा स्कर्ट खुर्चीच्या दांड्याला अडकला आणि सगळ्या गावासमोर गुडघ्यापर्यंत वर गेला. दारात पोचल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मी गव्हाचं पोतं नाही. मला परत खाली ठेवा." त्यानंतर ती चर्चला आली नाही. फादर तिला घरी येऊन प्रसाद देत. पुढच्या जूनमध्ये त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. त्या दिवशीच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला तरी येशील ना, असं फादरांनी विचारलं तर ती म्हणाली, "माझं मला येता आलं तर येईन. नाही तर घरी केक खाऊ."

वेंडेलिन दुसऱ्या दिवशी फादरांकडे गेला. पायऱ्यांच्या बाजूने उतार बांधायचा, फाटकापासून वळणापर्यंत आणि वळणापासून दारापर्यंत. मेहनत त्याची, देवाला दिलेली.

ओतायचं काम ऑक्टोबरात निघालं. ऊन होतं, पण वायव्येकडून कोरडा वारा. खालचा भाग वेंडेलिनने घेतला. वरच्या भागाचा ट्रक उशिरा येणार होता, माल तोच, राखेचा. तो भाग पायसला दिला. पायस म्हणजे चर्चचा रखवालदार. घंटा, भट्टी, बर्फ काढणं सगळं त्याच्याकडे, आणि ते सगळं तो एका डोळ्याने झोपूनच करायचा असं त्याची बहीणच म्हणायची. वरचं काँक्रीट ओतून सारखं करून झाल्यावर मी दोघांना जेवायला हाक मारली. वेंडेलिन आला नाही. चर्चसमोरच्या माझ्या घराच्या खिडकीतून तो दिसत होता, गुडघ्यांवर, वाऱ्यात, अंगठा दाबून बघत. मग थापी चालू झाली. पायस आला. सूप प्याला, पिठाच्या गुंडाळ्या खाल्ल्या, गोड कुखन केकचे दोन तुकडे खाल्ले, आणि लिओच्या खुर्चीत टेकला.

"ऑटिलिया, जरा डोळा मिटतो. लगेच उठव."

"मी नाही उठवणार. स्वतःचा स्वतः ऊठ."

उठला तेव्हा ऊन उतरलं होतं. तो धावत गेला, थापी लावायची वेळ टळून गेली होती, म्हणून खराटा घेऊन त्याने वरच्या भागावर आडवे ओरखडे ओढले आणि मोकळा झाला. खालचा भाग तोवर आरशासारखा झाला होता.

"हे काय गायीने चाटलंय?" वेंडेलिनने विचारलं.

"गायीला नावं ठेवू नकोस. निदान कुणी घसरणार तरी नाही."

"माझ्या बायकोने देवाच्या दारात जायचं ते या खरबरीत रस्त्यावरून?"

तो पायसशी महिनाभर बोलला नाही. वसंतात वरचा भाग फोडून पुन्हा करायचा असं त्याने ठरवलं होतं. मग हिवाळा आला, आणि युजीनियाची छाती भरली म्हणून डॉक्टरांनी तिला थंडीत बाहेर काढू नका असं बजावलं. नवा उतार तिच्याविना राहिला.

जानेवारीच्या सुरुवातीला, तीन राजांच्या सणाला आमच्याकडे मीठ आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणतात. घरातलं थोडं, आणि गुरांसाठी पोतीच्या पोती. त्या वर्षी बऱ्याच जणांनी गुरं विकून टाकली होती, पण सवयीने मीठ आणलंच. पोती मागे राहिली. आशीर्वाद दिलेली वस्तू फेकता येत नाही, ती कामी लावायची किंवा मातीत पुरायची. जानेवारीत आमची माती लोखंडासारखी असते. पायसने विचार केला, चर्चचं मीठ बर्फ वितळवायला चर्चच्याच उतारावर टाकलं तर त्यात पाप काय? बर्फ पडलं की मूठमूठ नाही, तो फावड्याने मीठ टाकायचा. फाटकापासून दारापर्यंत.

म्हणून त्या मार्चच्या रविवारी, युजीनियाला उचलून तिच्या खुर्चीत बसवल्यावर, हातातला पोपडा न सोडता वेंडेलिन पायसकडे वळला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"मीठ! तू मिठाने मारलंस याला!"

"आशीर्वादाचं मीठ होतं, वेंडेल!"

"आशीर्वादाचं असो की सैतानाचं! बघ! बघ काय झालंय!"

आम्ही सगळेच बघत होतो. फाटकापासून वळणापर्यंत ती आरशासारखी जमीन कोड फुटल्यासारखी झाली होती. पोपडे उठलेले, खाली खडी उघडी, आणि त्या खडीतच युजीनियाचं पुढचं छोटं चाक अडकून खुर्ची कलंडली होती. रविवारचे ठेवणीतले कपडे घातलेली माणसं तोंडावर हात ठेवून उभी होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "राख. मी म्हटलं होतं, राख." मग ते दहा तोंडांनी म्हटलं गेलं. पायस रडकुंडीला आला होता. तो पाठ फिरवून वर निघाला आणि वळणाच्या पुढे दोन पावलांवर थबकला.

"वेंडेल," तो म्हणाला. "हे इकडचं... हे तर जसंच्या तसं आहे."

वळणाच्या वर, गायीने चाटल्यासारखी ती खरबरीत जमीन ऑक्टोबरात होती तशीच होती. एक खपली नाही. तोच माल, तीच राख, तेच मीठ, तीच थंडी. वेंडेलिन तिथे चढून गेला, हाताने चाचपत राहिला, आणि परत खाली आला तेव्हा त्याचा चेहरा काँक्रीटच्या रंगाचा झाला होता.

चर्चच्या समितीचं म्हणणं पडलं की सगळं फोडा आणि राखेशिवाय करा. फादर म्हणाले, आधी कुणाला तरी दाखवू. राज्याच्या रस्ते खात्यातून मिसेस क्नुट्सन आल्या. पुलांच्या कामावरच्या, नॉर्वेच्या घराण्यातल्या, उंच, पुरुषी बूट घातलेल्या.

"लुथरन आहे, कॅथलिक नाही," पायस माझ्या कानात म्हणाला. "हिला आपल्या चर्चची जमीन ठोकू द्यायची?"

"तू मीठ टाकलंस तेवढं हिने काही टाकलेलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी हातोडीने सबंध उतार ठोकत नेला. वर टणटण. खाली बद्द, पोकळ. मग एक पोपडा उलटा करून त्या उन्हात धरून बघत राहिल्या. "राखेला दोष देऊ नका," त्या म्हणाल्या. "आम्ही पुलांना मुद्दाम घालतो. राखेने काँक्रीट घट्ट होतं, मीठ आतल्या लोखंडी सळ्यांपर्यंत पोचायला वर्षानुवर्षं जातात. पण राखेचा माल आळशी. उशिरा घट्ट होतो, पाणी वर सोडायलाही वेळ घेतो, आणि थंडीत तर आणखी. त्या दिवशी वारा होता?"

"होता," वेंडेलिन म्हणाला.

"वाऱ्याने वरची साय सुकली असणार. हाताला वाटतं झालं, आणि खालचं पाणी अजून वाटेत असतं. तेवढ्यात कुणी पोलादाने घोटलं की ते पाणी सायीखाली कोंडलं. दिसायला आरसा, आतून कच्चा. मग गोठणं, वितळणं, त्यात मीठ. उचललंच त्याने." त्यांनी वर बोट दाखवलं. "तिकडे कुणी केलं?"

पायसने शाळेत उभा केल्यासारखा हात वर केला. "मी. पण बाई, मी खरं तर झोपलो होतो."

"किती वेळ?"

"पोटभर," पायस म्हणाला.

"त्या झोपेने वाचवलं. तोवर पाणी येऊन गेलं होतं. आणि खराटा म्हणजे वरवरचं काम, साय बंद होत नाही." मग त्यांनी खाली बघितलं. "आणि इकडे? हे कुणी केलं? हात छान आहे."

फादर किलियन आभाळाकडे बघायला लागले. वेंडेलिनने फक्त उजवा अंगठा वर केला, कुणी विचारलं की करायचा तसाच. मिसेस क्नुट्सनना त्याचा अर्थ कळला नाही. आम्हाला कळला. मला वाटतं, घोडा लाथ मारतो तेव्हा माणसाला आधी दुखत नाही, नुसता श्वास जातो, तसं त्याचं झालं होतं.

त्यानंतरचे आठवडे तो गाडीत हातोडी टाकून हिंडत होता. राखेचा माल आल्यापासून ज्याची ज्याची पायरी, पायवाट, ओटा त्याने केला होता, तिथे तिथे. लोक म्हणत, आत ये, कॉफी घे. तो दारातच गुडघ्यावर बसून ठोकत राही. उन्हाळ्यात ओतलेलं बहुतेक चांगलं निघालं, घरातल्या जमिनी चांगल्या निघाल्या. थंडीच्या तोंडावर केलेल्या बाहेरच्या पायऱ्या काही ठिकाणी पोकळ वाजल्या. माझी मागची पायरी त्यातली एक. तिच्यावर मीही मीठ टाकत होते.

"फोडून नवी करतो," तो खाली बघत म्हणाला.

"माझी पायरी आहे, मी अजून तिच्यावरून चालते. राहू दे."

"ऑटिलिया, ती आतून कुजलीय."

"माझे गुडघेही कुजलेत. तू त्यांच्यावर हातोडी मारणार आहेस का?"

तो हसला नाही. त्या संध्याकाळी त्याने युजीनियाला सांगितलं की खालचा भाग बिस्मार्क शहरातल्या माणसांकडून करून घ्या, मी आता थापीला हात लावणार नाही. हे मला तिनेच सांगितलं, आणि पुढचंही.

"मग मी जात नाही," ती म्हणाली.

"कुठे?"

"त्या मिस्साला. त्या लोकांचा उतार मला नको. तू केलास तर जाईन, नाही तर केक घरीच."

"जेनी, माझ्यामुळे तू पडलीस. तुझे हात बघ."

"माझे हात बरे झाले. तुझा अंगठा तेवढा बिघडलाय. थापी इकडे दे."

तिने थापी घेतली ती उशाखाली ठेवली.

मे महिन्यात, वारा नसलेल्या उबदार दिवशी, खालचा भाग पुन्हा ओतला. माल राखेचाच, समितीने कुरकुर केली तेव्हा युजीनियाने फादरांना निरोप धाडला की मी त्याच्यावरूनच येईन. वेंडेलिनने फळीने माल सारखा केला आणि मग त्याच्याकडे करायला काहीच उरलं नाही. युजीनिया फाटकापाशी खुर्चीत बसली होती, थापी मांडीवर, वर दोन्ही हात. आम्ही बायकांनी डबे आणले होते. पायस गवतावर आडवा झाला.

"मी झोपलो की काम चांगलं होतं," तो म्हणाला. "मिसेस क्नुट्सनने सर्टिफिकेट दिलंय."

काँक्रीटवर पाणी चढू लागलं, पातळ, चकचकीत. वेंडेलिन वाकला, अंगठा दाबला, आणि सवयीने थापीसाठी हात मागे केला.

"नाही," युजीनिया म्हणाली.

"अंगठा म्हणतोय झालं."

"तुझ्या अंगठ्याचं पन्नास वर्षं ऐकलं. आज पाण्याचं ऐक."

तो परत बसला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. खिशात घालायचा, काढायचा, गवत उपटायचा. ऊन सरकलं. चकाकी एका कडेने विझू लागली, मग मधून, मग सगळीकडे मंद राखाडी रंग आला. त्याने बायकोकडे बघितलं आणि हात पुढे केला. तिने थापी दिली नाही. पायसच्या उशाशी पडलेला खराटा ओढून त्याच्या हातात ठेवला.

मी आयुष्यात त्याचा तसा चेहरा दुसऱ्यांदा बघितला. पहिल्यांदा तो वरची जमीन चाचपून खाली आला तेव्हा. वेंडेलिन शाट्झच्या हातात खराटा आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. त्याने खराट्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मग वाकून पहिला ओरखडा ओढला. सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, धाग्यासारखा. दुसरा त्याच्या शेजारी. पायस उठून बसला.

"गायीने चाटलंय," पायस म्हणाला.

"चांगल्या घरच्या गायीने," वेंडेलिन म्हणाला.

मग ओली गोणपाटं पसरली, आणि पायस रोज ती भिजवत राहिला, जागा राहून.

जूनच्या त्या शनिवारी चर्चपुढे सगळं गाव उभं होतं. चार पुरुष सवयीने पुढे झाले. युजीनियाने त्यांना हाताने बाजूला केलं. वेंडेलिनला तिने खुर्चीला हात लावायचा नाही असं बजावलं होतं, म्हणून तो तिच्या मागून, हात कोटाच्या खिशात घालून चालत होता. खाली मान घालून तो चाकांखालची जमीनच बघत होता. वळणावर ती थांबली. मला वाटलं, दमली. दोघांच्या हातच्या जमिनी जिथे मिळतात तिथे ती वाकून बघत होती. "पायस," ती म्हणाली, "तुझी रेघ वाकडी आहे." मग चाकांना जोर देऊन ती वर गेली आणि दारातून आत. गाणं पायसने सुरू केलं.

शनिवार, ८ जून १९९६. स्वच्छ, थोडा वारा. शाट्झ पती-पत्नीच्या पन्नास वर्षांचा मिस्सा. युजीनिया आपली आपण आत गेली. मागच्या पायरीची कड आज हातभर सुटली, झाडून ठेवली. पायरीसाठी दाराशी ठेवलेलं आशीर्वादाचं मीठ काकडीच्या लोणच्यासाठी बरणीत काढलं, आणि रिकाम्या बादलीत पुढच्या बर्फासाठी वाळू भरली.